न वापरलेल्या फोनची बॅटरी रात्रीतून कुठे जाते?

रात्री अकरा वाजता ९६ टक्के चार्ज असलेला फोन टेबलावर ठेवायचा आणि सकाळी सात वाजता उचलून पाहायचा, तर तो ७२ टक्क्यांवर आलेला. सलग चार दिवस हेच घडले. मधल्या आठ तासांत मी फोनला हात लावलेला नव्हता, कोणाचा कॉल आलेला नव्हता आणि स्क्रीन एकदाही उजळल्याची नोंद नव्हती. दिवसा फोन वापरताना बॅटरी उतरते, त्याबद्दल माझी तक्रार नसते, कारण त्या बदल्यात काहीतरी काम झालेले असते. पडून राहिलेल्या फोनची बॅटरी उतरते तेव्हा मात्र ती नक्की कोण खाते आहे, हे समजल्याशिवाय मला चैन पडत नाही. या शोधात जवळपास दोन आठवडे गेले आणि शेवटी एक नव्हे, दोन वेगवेगळी कारणे हाती लागली.

सुरुवात मी हिशेबापासून केली. माझ्या फोनची बॅटरी ५००० एमएएचची (मिलिअँपिअर-तासांची) आहे, म्हणजे तिचा एक टक्का ५० एमएएच होतो. रात्रीत गेलेले २४ टक्के म्हणजे १२०० एमएएच, आणि त्यांना आठ तासांनी भागले की सरासरी १५० मिलिअँपिअर येतात. हा आकडा एकटा पाहिला तर काही सांगत नाही. तो तुलनेला लावला की बोलू लागतो. सुस्थितीतला फोन, मोबाइल नेटवर्क आणि वाय-फाय दोन्ही चालू ठेवूनही, झोपलेल्या अवस्थेत साधारण १० ते २५ मिलिअँपिअरमध्ये भागवतो, म्हणजे रात्रीतून दोन ते चार टक्के. माझा फोन त्याच्या किमान सहापट ओढत होता. शिवाय पहाटे एकदा जाग आली तेव्हा अंधारातच मी फोनच्या पाठीला तळवा लावून पाहिला, तर ती टेबलाच्या लाकडापेक्षा किंचित कोमट लागली. दीडशे मिलिअँपिअर म्हणजे सुमारे अर्धा वॉट. तेवढी उष्णता फारशी नसते, पण सहा तास कोणीही न शिवलेल्या वस्तूला ती असायचे कारण नव्हते. स्क्रीन काळी होती, पण फोन जागा होता.

फोनचे झोपणे म्हणजे काय, हे इथे थोडे समजून घ्यावे लागते. स्क्रीन बंद झाल्यावर काही क्षणांत मुख्य प्रोसेसर थांबवला जातो आणि केवळ काही मोजके भाग, म्हणजे घड्याळ, नेटवर्कचा मोडेम, पॉवर बटणाकडे लक्ष ठेवणारे सर्किट वगैरे, पहाऱ्यावर राहतात. एखाद्या अ‍ॅपला काम अर्धवट सोडायचे नसेल तर ते अँड्रॉइडकडे ‘वेकलॉक’ मागते, म्हणजे स्क्रीन बंद असली तरी प्रोसेसरला झोपू देऊ नका, अशी विनंती करते. काम संपल्यावर तो वेकलॉक सोडणे ही त्या अ‍ॅपची जबाबदारी असते, आणि बॅटरीच्या बहुतेक तक्रारींचे मूळ न सोडलेल्या किंवा फार उशिरा सोडलेल्या वेकलॉकमध्ये असते. या बेबंदपणाला आवर घालण्यासाठी २०१५ मध्ये अँड्रॉइड ६ सोबत ‘डोझ’ ही व्यवस्था आली. फोन चार्जिंगला नसेल, हलत नसेल आणि स्क्रीन बराच वेळ बंद असेल, तर अ‍ॅपचे वेकलॉक दुर्लक्षिले जातात, त्यांचे नेट तोडले जाते आणि सगळ्यांची तुंबलेली कामे अधूनमधून उघडणाऱ्या एका छोट्या फटीत एकदम उरकली जातात. रात्र जसजशी पुढे सरकते तसतशा या फटी विरळ होत जातात. पुढच्याच वर्षी, अँड्रॉइड ७ मध्ये, खिशात हलत असलेल्या फोनलाही याची सौम्य आवृत्ती लागू झाली. डोझमध्ये असताना गजर लावून फोनला उठवण्याची खास परवानगी असलेले अ‍ॅपसुद्धा दर नऊ मिनिटांत एकापेक्षा जास्त वेळा तसे करू शकत नाही. आयफोनची पद्धत निराळी आहे, पण रोख तोच: अ‍ॅप सोडल्यावर थोड्याच वेळात ते गोठवले जाते आणि पार्श्वभूमीत त्याला केव्हा, किती वेळ जागे करायचे हे तुमच्या सवयी पाहून आयओएस ठरवते.

यातून मला एक गोष्ट पक्की कळली. आजचा फोन मुळात झोपण्यासाठीच घडवलेला आहे. तो झोपत नसेल तर कोणाला तरी जागे ठेवण्याचा अधिकार मिळालेला आहे, आणि तो अधिकार बहुतेक वेळा आपणच कधीतरी एका ‘परवानगी द्या’वर बोट ठेवून दिलेला असतो. कधी कधी दोष अ‍ॅपच्या बांधणीतही असतो. ऑक्टोबर २०१५ मध्ये आयफोनवरील फेसबुकचे अ‍ॅप न वापरताही बॅटरी खाते, अशी ओरड झाली होती. तेव्हा कंपनीच्या अभियंत्यांनीच दोन दोष मान्य केले. नेटवर्कशी बोलणाऱ्या भागात एक निरर्थक फेरा चालू राहत होता आणि प्रोसेसर त्यात अडकत होता. शिवाय व्हिडिओ पाहून अ‍ॅपमधून बाहेर पडल्यावरही ध्वनीचे सत्र बंद होत नव्हते, त्यामुळे काहीही वाजत नसताना अ‍ॅप वाजत असल्यासारखे जागे राहत होते. एवढ्या मोठ्या संघाच्या हातून हे सुटू शकते, तर लहान अ‍ॅपच्या बाबतीत ते सुटणे अगदीच शक्य आहे.

साहजिकच मी आधी सेटिंग्जमधील बॅटरी वापराचा तक्ता उघडला. तो सर्वांनी उघडावा, पण त्याच्याकडून किती अपेक्षा ठेवायची हेही ठाऊक असावे. माझ्या यादीत सर्वांत वर ‘गूगल प्ले सर्व्हिसेस’ होते. ते पाहून अनेक जण त्यालाच गुन्हेगार ठरवतात. प्रत्यक्षात ती सेवा इतर अ‍ॅपच्या वतीने स्थान शोधणे, खाती सिंक करणे, नोटिफिकेशन आणून देणे अशी कामे करीत असते, त्यामुळे तिचे नाव वर आले की तिच्याकडून काम करवून घेणारा कोण, हा पुढचा प्रश्न उरतोच. टक्क्यांपेक्षा मला आलेखाचा आकार अधिक उपयोगी वाटला. निरोगी रात्रीची रेषा जवळजवळ आडवी असते आणि मधूनच एखादी छोटी पायरी उतरते. एखाद्या ठरावीक वेळेपासून रेषा एकदम कोसळू लागली असेल तर त्या वेळी काय सुरू झाले हे शोधायचे. माझी रेषा अकरापासून सातपर्यंत पट्टीने आखल्यासारखी सरळ तिरकी उतरत होती, म्हणजे जे काही होते ते रात्रभर थांबत नव्हते.

या टप्प्यावर ज्याला विचारावे त्याच्याकडून सल्ला मिळतो तो असा की, ब्लूटूथ बंद करा, सगळी अ‍ॅप वर सरकवून काढून टाका, एखादे ‘क्लीनर’ टाका. यातले काहीही मी केले नाही आणि कोणी करू नये असे माझे स्पष्ट मत आहे. जोडलेले उपकरण नसताना ब्लूटूथ इतकी कमी ऊर्जा घेतो की रात्रीच्या हिशेबात ती दिसतही नाही. अलीकडे वापरलेल्या अ‍ॅपच्या यादीतून अ‍ॅप काढून टाकल्याने बॅटरी वाचत नाही. गोठवलेले अ‍ॅप मेमरीत पडून असते, ते काढले की पुढच्या वेळी शून्यापासून उभे करावे लागते आणि त्यालाच जास्त ऊर्जा लागते. मार्च २०१६ मध्ये अ‍ॅपलचे क्रेग फेडेरिगी यांनी एका ग्राहकाला उत्तर देताना ही सवय निरुपयोगी असल्याचे सांगितले होते आणि तेव्हा अँड्रॉइडची धुरा सांभाळणारे हिरोशी लॉकहायमर यांनीही त्याला दुजोरा दिला होता. बॅटरी वाचवण्याचे आश्वासन देणारी क्लीनर अ‍ॅप तर स्वतःच रात्रभर जागी राहून इतरांना मारत बसतात, आणि मारलेली अ‍ॅप पुन्हा उठत राहतात. हा खेळ फोनला झोपू देत नाही. या सगळ्या उपायांचा आणखी एक तोटा असा की, दहा गोष्टी एकदम बदलल्या आणि फरक पडला, तरी कशाने पडला हे कळत नाही. मग त्या दहाही गोष्टी कायमच्या बंद ठेवून माणूस आपलाच फोन पांगळा करून घेतो.

म्हणून मी एक नियम घालून घेतला: एका रात्री एकच बदल, झोपताना आणि उठताना टक्केवारी वहीत लिहायची, फोन दर वेळी ९५ टक्क्यांच्या आसपास चार्ज करूनच ठेवायचा आणि चार्जर काढल्यावर अर्धा तास जाऊ द्यायचा, कारण नुकत्याच भरलेल्या बॅटरीचा आकडा थोडा फसवा असतो.

पहिला बदल फ्लाइट मोडचा केला. फ्लाइट मोड चालू, वाय-फाय बंद, बाकी सगळे जसेच्या तसे. सकाळी वहीत नोंद झाली ती ९५ वरून ९४. या एका रात्रीने जेवढे सांगितले तेवढे कोणत्याही तक्त्याने सांगितले नव्हते. बॅटरी म्हातारी झालेली नाही, आतल्या सर्किटमध्ये कुठे गळती नाही, स्क्रीन किंवा सेन्सर चोरून जागे राहत नाहीत, हे सर्व एका आकड्यात सिद्ध झाले. जे काही होते ते नेटवर्कशी जोडलेले होते. ज्यांच्याकडे वेळ कमी आहे त्यांनी बाकी काही केले नाही तरी ही एक रात्र जरूर मोजावी.

पुढच्या रात्री फ्लाइट मोड तसाच ठेवून फक्त वाय-फाय चालू केले. ९७ वरून ८३, म्हणजे १४ टक्के. मोबाइल नेटवर्क बंद असूनही एवढा खर्च होतो आहे, म्हणजे एखादे अ‍ॅप वाय-फायवरून काहीतरी सतत करीत आहे, हे उघड झाले. त्याच्या पुढच्या रात्री वाय-फाय चालू ठेवून सेटिंग्जमधून सर्व खात्यांचे आपोआप होणारे सिंक बंद केले. ९६ वरून ९३. संशयितांची संख्या आता अगदी कमी झाली होती.

खरा पुरावा मात्र मिळाला तो बॅटरीच्या तक्त्यात नव्हे, डेटा वापराच्या तक्त्यात. तिथे मोबाइल डेटाचा हिशेब सगळे जण पाहतात, कारण तो संपतो; वाय-फायचा हिशेब सहसा कोणी उघडत नाही. मी तो उघडला, तर माझ्या एका जुन्या ई-मेल अ‍ॅपने गेल्या काही दिवसांत पार्श्वभूमीत १५ जीबी डेटा वापरला होता. मी त्या अ‍ॅपवरून दिवसाला जेमतेम चार-पाच मेल पाठवतो. अ‍ॅपमध्ये जाऊन एकेक कप्पा तपासला आणि ‘आउटबॉक्स’मध्ये एकच मेल अडकलेला दिसला. बारा दिवसांपूर्वीचा, सोबत १९ एमबीचा एक व्हिडिओ.

१९ एमबी का अडकावेत, हा प्रश्न मला काही वेळ सुटला नाही, कारण सर्व्हरची मर्यादा २५ एमबी होती. उत्तर मेलच्या जुन्या रचनेत आहे. मेलची व्यवस्था मुळात साध्या मजकुरासाठी बनलेली असल्यामुळे जोडलेली फाइल पाठवताना ती अक्षरांच्या रूपात बदलली जाते आणि या बदलात तिचा आकार सुमारे एक तृतीयांशाने वाढतो. १९ चे २५ हून अधिक झाले आणि मेल मर्यादेच्या किंचित पलीकडे गेला. ते अ‍ॅप मेलचा आकार सर्व्हरला आधी सांगतच नव्हते. ते संपूर्ण मेल वर चढवायचे, शेवटी सर्व्हर नकार द्यायचा आणि अर्ध्या तासाने अ‍ॅप पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायचे. दिवसाला ४८ प्रयत्न, प्रत्येकी २५ एमबीच्या वर, असे बारा दिवस. मधल्या अर्ध्या तासातही ते वेकलॉक सोडत नव्हते. आणि डोझने त्याला अडवले का नाही? कारण वर्षभरापूर्वी मेल लगेच कळावेत म्हणून मीच त्या अ‍ॅपला बॅटरीच्या निर्बंधातून वगळले होते. अँड्रॉइड १२ मध्ये प्रत्येक अ‍ॅपच्या माहितीत बॅटरीसाठी तीन पर्याय आले: अनिर्बंध, अनुकूलित आणि प्रतिबंधित. माझे मेल अ‍ॅप अनिर्बंध होते. तो मेल काढून टाकला, अ‍ॅप अनुकूलित पर्यायावर आणले, सिंक पुन्हा पहिल्यासारखे चालू केले आणि त्या रात्री वाय-फायवर फोनने तीनच टक्के घेतले. मेल आजही मला वेळेवर मिळतात, हे मुद्दाम नमूद करतो, कारण नोटिफिकेशन आणण्यासाठी प्रत्येक अ‍ॅपने स्वतंत्रपणे जागे राहण्याची गरज नसते. सर्वांचे निरोप एकाच सामायिक जोडणीवरून येतात आणि तातडीचा निरोप डोझमधूनही फोनला उठवू शकतो.

अडकलेला मेल हे या जातीच्या दुखण्याचे एक रूप झाले. पासवर्ड बदलल्यावर जुन्याच पासवर्डने दार ठोठावत राहणारे खाते, एका बिघडलेल्या व्हिडिओपाशी थांबून पुन्हापुन्हा सुरू होणारा फोटोंचा बॅकअप, न वाचता येणाऱ्या फाइलवर अडखळणारी फोटो-गाण्यांची सूची, ही त्याचीच भावंडे. या सर्वांत काम कधीच पूर्ण होत नाही आणि अ‍ॅप हार मानत नाही. मात्र फोनची प्रणाली नुकतीच अपडेट झाली असेल तर एक-दोन दिवस धीर धरावा, कारण तेव्हा अ‍ॅपची नव्याने जुळणी आणि फोटोंची नव्याने सूची करण्याचे काम खरोखरच चालू असते आणि ते आपोआप संपते. अ‍ॅप ओळखताच येत नसेल तर अँड्रॉइडमध्ये फोन ‘सेफ मोड’मध्ये सुरू करून एक रात्र काढावी, त्यात आपण टाकलेली सर्व अ‍ॅप बंद राहतात, त्यामुळे दोष त्यांचा की प्रणालीचा हे तरी निश्चित होते. आयफोनवर बॅटरीच्या सेटिंग्जमध्ये गेल्या काही दिवसांचा हिशेब मिळतो, आणि त्यात प्रत्येक अ‍ॅपने पार्श्वभूमीत किती वेळ घेतला हेही दिसते. तो पार्श्वभूमीचा आकडाच तेथे पाहण्यासारखा असतो.

आता फ्लाइट मोड काढून फोन पूर्ववत वापरात आणला, तेव्हा प्रकरण संपले अशी माझी समजूत होती. सकाळी ९६ वरून ८३. तेरा टक्के! म्हणजे मेलचे भूत गेले होते, पण मोबाइल नेटवर्कच्या बाजूला दुसरे बसलेले होते.

माझ्या फोनमध्ये दोन वेगवेगळ्या कंपन्यांची सिम आहेत. फोनविषयीच्या माहितीत सिमची स्थिती पाहिली की सिग्नलची ताकद डीबीएममध्ये दिसते. आकडा उणे असतो आणि शून्यापासून जितका दूर तितकी रेंज वाईट. फोरजीमध्ये उणे ८०च्या आसपास रेंज उत्तम म्हणावी, उणे ११०च्या खाली ती क्षीण होते आणि उणे १२०च्या पलीकडे फोन जेमतेम तग धरतो. माझ्या पलंगाजवळच्या टेबलावर पहिले सिम उणे ९८ दाखवत होते. दुसरे उणे ११९. मी त्या आकड्याकडे पाच मिनिटे टक लावून बसलो, तेवढ्यात त्या सिमची रेंज दोनदा पूर्ण गेली आणि दोनदा परत आली.

पडून असलेला फोन नेटवर्कशी कसा वागतो, हे कळले की या पाच मिनिटांचा अर्थ लागतो. रेंज चांगली असताना मोडेम बहुतेक वेळ झोपलेला असतो आणि ठरावीक अंतराने, फोरजीमध्ये सामान्यतः दर १.२८ सेकंदाला, काही मिलिसेकंद कान उघडून आपल्यासाठी काही निरोप आहे का ते ऐकतो. हे ऐकणे फार स्वस्त असते. रेंज काठावर असली की हा संथ क्रम मोडतो. फोन शेजारच्या टॉवरची मोजमापे वारंवार घेऊ लागतो, एका टॉवरवरून दुसऱ्यावर आणि एका पिढीच्या नेटवर्कवरून दुसऱ्यावर उड्या मारतो आणि अनेकदा अशा उडीनंतर नेटवर्कला आपली नव्याने ओळख करून द्यावी लागते. ओळख देणे म्हणजे ऐकणे नव्हे, बोलणे. आणि दूरच्या टॉवरला ऐकू जावे म्हणून ते पूर्ण आवाजात करावे लागते. फोरजी फोनच्या प्रक्षेपणाची सर्वसाधारण कमाल मर्यादा २३ डीबीएम, म्हणजे सुमारे २०० मिलिवॉट आहे, आणि तेवढे हवेत पाठवण्यासाठी आतला प्रवर्धक (अ‍ॅम्प्लिफायर) त्याच्या काही पट ऊर्जा खातो. रेंज पूर्ण गेली तर त्याहून वाईट, कारण मग मोडेम एकेक वारंवारतापट्टा चाळत टॉवर शोधत सुटतो. त्यातच एखादे अ‍ॅप दर काही मिनिटांनी चिमूटभर डेटा मागत असेल तर भर पडते, कारण डेटाची देवाणघेवाण संपल्यावरही जोडणी काही सेकंद उघडी ठेवली जाते. म्हणून शंभर लहान मागण्या एका मोठ्या मागणीपेक्षा कितीतरी महाग पडतात.

दुसरे सिम सेटिंग्जमधून बंद करून एक रात्र काढली: ९५ वरून ९०. पाच टक्के. त्यानंतर ते सिम पुन्हा चालू केले आणि फोन हातात घेऊन घरभर हिंडलो. पलंगाजवळ उणे ११९ असलेली रेंज बाहेरच्या खोलीतल्या खिडकीशी उणे १०४ झाली. पंधरा डीबीचा फरक ऐकायला किरकोळ वाटतो, पण दर दहा डीबीला ताकद दहापट होते, म्हणून पंधरा डीबी म्हणजे सुमारे तीसपट. त्या रात्री फोन खिडकीशी ठेवला आणि दोन्ही सिम चालू असूनही सहा टक्केच गेले. कोणतेही अ‍ॅप काढले नाही, कोणतीही सोय बंद केली नाही, फक्त फोनची झोपण्याची जागा बदलली. ज्यांना फोन जवळच हवा असतो त्यांनी रेंज वाईट असलेल्या सिमसाठी केवळ रात्रीपुरती विश्रांती ठेवावी, किंवा नेटवर्क कंपनीची सोय असल्यास वाय-फायवरून कॉल घेण्याचा पर्याय चालू करावा. फाइव्हजी रेंज येऊन-जाऊन असेल तर फोन फोरजीवरच ठेवून एक रात्र मोजून पाहणेही योग्य.

उरलेल्या किरकोळ गोष्टींवर फार वेळ घालवू नये. सतत वेळ दाखवणारी स्क्रीन रात्री उगाच चालू असते, ती बंद करावी. स्थानाच्या सेटिंग्जमध्ये वाय-फाय बंद असतानाही आजूबाजूची नेटवर्क शोधत राहण्याचा एक पर्याय दडलेला असतो, तो बहुतेकांना लागत नाही. ज्यांना संगणकाला फोन जोडून आज्ञा देण्याची सवय आहे त्यांनी अँड्रॉइडच्या ‘एडीबी’ साधनातून ‘बॅटरीस्टॅट्स’चा अहवाल काढावा, कोणत्या अ‍ॅपने किती वेळ वेकलॉक धरला हे त्यात नावानिशी मिळते आणि माझ्या दोन आठवड्यांपैकी निम्मे दिवस तो वाचवू शकला असता.

हे सर्व वहीत उतरवत असतानाच एका मित्राने त्याचा चार वर्षांचा फोन माझ्याकडे आणून ठेवला. तक्रार तीच, आकडाही जवळपास तोच. मी आधी फ्लाइट मोडची रात्र मोजली आणि तिथेच वेगळेपण दिसले: ९४ वरून ८३. नेटवर्क नाही, वाय-फाय नाही, तरी अकरा टक्के. दुसऱ्या रात्री फोन पूर्ण बंद करून ठेवला. सकाळी चालू केला तर आणखी सात टक्के कमी. लिथियम-आयन बॅटरी नुसती ठेवली तर महिन्याला काही टक्केच गमावते, म्हणून बंद फोनचे एका रात्रीत सात टक्के जाणे कोणत्याही अ‍ॅपच्या माथी मारता येत नाही. एकतर बॅटरी आतून गळत होती, किंवा तिचा आकडा सांगणारे मापकच तिच्या म्हातारपणामुळे चुकत होते. मित्राला विचारले तेव्हा त्याने सांगितले की, फोन कधी कधी ३० टक्क्यांवर असताना कॅमेरा उघडताच बंद पडतो. बॅटरीचा अंतर्गत रोध वाढला की असेच होते; अचानक जास्त प्रवाह मागितला की तिचा विद्युतदाब (व्होल्टेज) कोसळतो आणि फोन स्वतःला वाचवण्यासाठी बंद होतो. आयफोनवर २०१८ च्या आयओएस ११.३ पासून बॅटरीच्या उरलेल्या क्षमतेची टक्केवारी दिसते आणि अ‍ॅपलच्या म्हणण्यानुसार आयफोन १४ पर्यंतच्या बॅटऱ्या चार्जिंगच्या ५०० पूर्ण आवर्तनांनंतर, तर आयफोन १५ पासूनच्या १००० आवर्तनांनंतर मूळ क्षमतेच्या ८० टक्के राखतील अशा बेताने बनवलेल्या आहेत. मित्राच्या फोनमध्ये असा आकडा दिसत नव्हता. मी तो टेबलावर पालथा ठेवला आणि डोळे पाठीच्या पातळीवर आणून पाहिले. मागचे झाकण एका कडेला नखभर उचलले गेले होते आणि त्या फटीतून आतल्या चिकटपट्टीचा काळा धागा दिसत होता. बॅटरी फुगली होती.

त्या क्षणी मोजमापे थांबवली. फुगलेली बॅटरी दाबायची नाही, टोचायची नाही आणि पुन्हा चार्जिंगलाही लावायची नाही. फोन बंद करून, उशी-पांघरुणापासून लांब, कठीण पृष्ठभागावर ठेवला आणि दुसऱ्याच दिवशी मित्राने दुरुस्ती करणाऱ्याकडून बॅटरी बदलून घेतली. आठवड्याने त्याने फोन पुन्हा माझ्याकडे दिला. फ्लाइट मोडमध्ये एक रात्र ठेवला आणि वहीच्या शेवटच्या ओळीत नोंद केली: ९७ वरून ९६.